'रमाँते ल ताँ': नॉर्मन घराण्याची गावं आणि जमिनी शोधायला ही मोफत नकाशासेवा किती कामाची?

फ्रान्सच्या वायव्येकडच्या नॉर्मंडीतल्या सरदार घराण्यांची आडनावं आपल्या 'कर'सारखीच तयार झाली. पेर्सी म्हणजे पेर्सी गावचे, ब्रूस म्हणजे ब्री गावचे, माँटगमरी म्हणजे माँगोम्रीचे. मूळ गाव आडनावातच असल्यामुळे शोध सोपा वाटतो. पण आपल्याकडे नुसतं 'पिंपळगावकर' म्हटल्यावर कोणतं पिंपळगाव हे विचारावंच लागतं, तसंच तिथेही आहे. शिवाय गाव सापडलं तरी घराण्याची जमीन कुठून कुठपर्यंत होती, हा प्रश्न उरतोच.

फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशासंस्थेची, म्हणजे आयजीएनची, 'रमाँते ल ताँ' ही वेबसेवा याच कामासाठी इथे तपासली आहे. नावाचा अर्थ 'काळात मागे जाणं'. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, सगळी भाषा मात्र फ्रेंच आहे. निकाल आधीच सांगतो: गावाची जागा नक्की करायला ५ पैकी ५, जमिनीच्या हद्दी शोधायला ५ पैकी ३, आणि मध्ययुगीन कागदांसाठी शून्य, कारण ते इथे ठेवलेलेच नाहीत.

सेवेचा गाभा म्हणजे एकाच जागेचे दोन नकाशे शेजारीशेजारी. डावीकडे अठराव्या शतकातला कासिनी नकाशा लावा, उजवीकडे आजचा. एक सरकवला की दुसराही सरकतो. कासिनीनंतर १८२० ते १८६६ या काळातला लष्करी सर्वेक्षणाचा रंगीत नकाशा, म्हणजे 'एता-माजोर', निवडता येतो, आणि १९५० ते १९६५ च्या दरम्यान विमानातून घेतलेली छायाचित्रंही. मोबाइलवर हे करू नये. दोन खिडक्यांत प्रत्येकी चार बोटांचा नकाशा दिसतो आणि नेमका चर्चचा ठिपका बोटाखाली जातो.

उदाहरणाला माँटगमरी घराणं घेऊ. रॉजर द माँटगमरी हा विल्यम द कॉन्करर, म्हणजे इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा ड्यूक, याच्या सर्वांत जवळच्या सरदारांपैकी एक. १०८६ च्या 'डूम्सडे' या जमीन-मालमत्तेच्या नोंदणीत इंग्लंडमधली त्याची मालमत्ता गावागावांसकट सापडते, वेल्समधल्या माँटगमरी गावाला त्याचंच नाव आहे, आणि १०९४ मध्ये तो वारला. त्याचं मूळ गाव मात्र नॉर्मंडीतल्या काल्वादोस जिल्ह्यात, लिझ्यूच्या दक्षिणेला, विमुतिएजवळच्या टेकड्यांत आहे.

पहिली चूक शोधचौकटीतच होते. इंग्रजीत आडनावाच्या मधोमध एकच 'एम' असतो, फ्रेंच गावाच्या नावात दोन. एका 'एम'ने शोधलं की त्याच काल्वादोस जिल्ह्यात, समुद्रकिनाऱ्याजवळ, कोलव्हिल-माँटगमरी नावाचं गाव आयतंच समोर येतं आणि माणूस तिथेच थांबतो. त्या गावाचा या घराण्याशी संबंध नाही. ते पूर्वी कोलव्हिल-स्युर-ओर्न होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या माँटगमरी या ब्रिटिश सेनापतीच्या सन्मानार्थ १९४६ मध्ये त्याचं नाव बदललं. दोन 'एम' लिहिले की खरी जोडी मिळते: सँ-जेर्मँ-द-माँगोम्री आणि सँत-फ्वा-द-माँगोम्री.

दुसरी अडचण ताजी आहे. ही दोन्ही गावं १ जानेवारी २०१६ पासून स्वतंत्र कम्यून (फ्रान्समधलं सर्वांत लहान प्रशासकीय एकक) राहिलेली नाहीत, शेजारच्या दोन गावांसह ती 'व्हाल-द-व्ही' या नव्या कम्यूनमध्ये गेली आहेत. आजच्या प्रशासकीय यादीवर अवलंबून राहिलात तर नाव सापडणार नाही. तेव्हा आधी व्हाल-द-व्ही उघडा, मग कासिनीचा थर लावा आणि चर्चची खूण शोधत जा. गावाच्या नावांचा आणि विलीनीकरणांचा जुना इतिहास पॅरिसच्या 'एकोल दे ओत एत्युद'च्या कासिनी संकेतस्थळावर गावनिहाय मिळतो, तो बाजूच्या टॅबमध्ये उघडा ठेवावा.

या दोन नावांतच एक मोठा दुवा आहे. दोन वेगळे संत, दोन वेगळ्या चर्च-वाड्या, आणि दोघींच्या शेपटीला एकच 'माँगोम्री'. असं दिसलं की समजावं, एक जहागीर दोन वाड्यांवर पसरलेली होती. एकाच गावाभोवती वर्तुळ काढून थांबलात तर अर्धी जमीन हातून जाते. लॅटिन कागदांत हे नाव 'मोन्स गोमेरिकी' असं येतं, म्हणजे गोमेरिकचा डोंगर. सूची चाळताना हेही रूप लक्षात असू द्या.

आता नकाशा नीट वाचण्याविषयी. कासिनीचं प्रमाण १:८६,४००, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा जमिनीवरचा ८६४ मीटर. चर्चचे मनोरे त्रिकोणमितीने मोजलेले असल्याने त्यांच्यावर बराच विश्वास ठेवता येतो. मधल्या वाटा, ओढ्यांची वळणं, जंगलाच्या कडा अंदाजाने भरलेल्या आहेत, आणि शेतांच्या बांधांची नोंद जवळजवळ नाहीच. म्हणून आजच्या नकाशावर तो बसवला की गिरणी ओढ्यापासून काही शे मीटर बाजूला दिसते. हा दोष सेवेचा नाही, मूळ नकाशाचा आहे. उपाय असा की चर्च ते चर्च जुळवा आणि बाकीच्या खुणा त्यांच्या संदर्भाने वाचा. दोन पत्रकांच्या सांध्यावर तर नेहमीच संशय धरावा. पत्रकं वेगवेगळ्या वर्षी मोजलेली आहेत.

विमानातली छायाचित्रं ही या सेवेतली सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट. नॉर्मंडीत शेतांना झाडाझुडपांची उंच कुंपणं असायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि त्यातली पुष्कळ काढून टाकली गेली. १९५० च्या दशकातल्या छायाचित्रांत ती अजून जागेवर आहेत. सगळी शेतं आयताकृती आणि त्यांत मध्येच एक गोल किंवा अंडाकृती कुंपण दिसलं, तर तिथे जुना गढीचा उंचवटा, त्याचा खंदक किंवा राखीव शिकाररान असण्याची शक्यता तपासावी. हल्ली आयजीएनचा लायडार थरही, म्हणजे विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणीही, मिळतो, जमिनीवर प्रति चौरस मीटर सुमारे १० बिंदू; झाडी गाळून मातीचा आकार दिसतो. जंगलात बुडालेल्या गढ्यांसाठी तो छायाचित्रांच्याही पुढचा आहे.

जमिनीच्या हद्दींसाठी मात्र ही सेवा पुरत नाही. नेपोलियनकालीन महसुली नकाशे इथे नाहीत. ते त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर असतात: माँगोम्रीसाठी काल्वादोसचं, मुख्यालय काँ, घराण्याच्या दक्षिणेकडच्या जमिनींसाठी ओर्नचं, मुख्यालय आलाँसाँ. १८०७ च्या कायद्याने हे मोजमाप सुरू झालं आणि १८५० च्या सुमारास बहुतेक देश पूर्ण झाला. अभिलेखागारात त्याची मालिका '३ पी'. प्रत्येक गावाला एक जोडनकाशा, मग अ, ब, क अशा अक्षरांचे विभाग, आणि सोबत 'एता द सेक्स्याँ' नावाचं रजिस्टर.

त्या रजिस्टरची एक ओळ सातबारासारखीच वाचायची: विभागाचं अक्षर, तुकड्याचा क्रमांक, मालक, जागेचं नाव, जमिनीचा प्रकार, क्षेत्र, प्रत. मालकाचं नाव आपल्याला नकोय, ते एकोणिसाव्या शतकातलं आहे. हवं आहे ते जागेचं नाव. शेताचं नाव मालकापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. 'ला मोत' म्हणजे गढीचा उंचवटा. 'ल व्हिव्हिए' म्हणजे जहागीरदाराचं मासेतळं, 'ला गारेन' म्हणजे सशांचं राखीव रान, 'ल कोलोंबिए' म्हणजे कबुतरखाना. 'ला कुत्यूर' हे बहुधा जहागीरदाराने स्वतःकडे ठेवलेल्या सलग शेताचं नाव, आणि 'लेझेसार' म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन, जी बहुतेक वेळा मूळ जहागिरीच्या कडेला सापडते. अशी सात-आठ नावं एका पट्ट्यात जुळली की ती आधी नकाशावर खुणा करा आणि मगच हद्द ओढा. एकट्या 'मोत'वर भरवसा ठेवू नका. मातीचा कुठलाही ढीग त्या नावाचा असू शकतो.

क्षेत्राच्या बाबतीत मराठी वाचकाने खास जपायचं आहे. जुन्या नॉर्मन कागदांत 'आक्र' येतं आणि आपण मनात ते एकरात मोजतो. नॉर्मन आक्र म्हणजे ४ व्हेर्जे, म्हणजे १६० चौरस पेर्श, आणि पेर्शची लांबी गावोगावी बदलते. २२ फ्रेंच फुटांचा पेर्श धरला तर आक्र सुमारे ०.८२ हेक्टर होतं, १८ फुटांचा धरला तर सुमारे ०.५५ हेक्टर. आपला एकर ०.४० हेक्टर. म्हणजे ६० आक्रांचं शेत सरळ ६० एकर धरलं तर पहिल्या हिशोबात निम्म्याहून जास्त जमीन गायब होते. कागदात पेर्श किती फुटांचा ते बहुतेकदा लिहिलेलं असतं. नसेल तर शेजारच्या गावाचा कागद पाहा.

नकाशावर ठेवायचे ठिपके कुठून आणायचे? सर्वांत जुना भरवशाचा स्रोत म्हणजे मठांना दिलेली दानं, कारण जे दान दिलं ते आधी घराण्याकडे होतं. रॉजरने त्रोआर्नचा आणि 'से' या गावातला सँ-मार्तँचा मठ उभा केला. त्यांच्या दानपत्रांत चर्च, दशमांश, गिरण्या, जंगलातली लाकूडतोड अशी नावानिशी यादी येते. ही कागदपत्रं जिल्हा अभिलेखागाराच्या 'एच' मालिकेत शोधायची. सरदाराला वरच्या धन्यापुढे द्यावी लागणारी जमिनीची लेखी कबुली, म्हणजे 'आव्हू', जास्त तपशीलवार असते, पण त्या मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकापासून पुढच्या आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांची मालिका 'पी'.

वारसाहक्काची वळणं नीट न पाहिल्याने सगळ्यात जास्त चुका होतात. बेलेमची मोठी मालमत्ता रॉजरकडे बायकोमुळे, माबेल द बेलेममुळे आली. मुलगा रोबेर द बेलेम याला इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने १११२ मध्ये कैद केलं आणि बेलेम पुढे पेर्श परगण्याच्या काउंटकडे गेलं (हे पेर्श म्हणजे वरचं माप नव्हे). म्हणजे बाराव्या शतकातल्या बेलेमचे कागद माँटगमरीच्या नावाखाली शोधून सापडणारच नाहीत. १२०४ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट याने नॉर्मंडी जिंकली तेव्हा तर इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना जमिनी असलेल्या घराण्यांना एक बाजू निवडावी लागली, आणि दुसऱ्या बाजूच्या जमिनी नव्या मालकांकडे गेल्या.

ब्रूस, पेर्सी किंवा ओतव्हिल यांपैकी कुणाचा शोध घेत असाल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. ही गावं माँश जिल्ह्यात आहेत, आणि त्या जिल्ह्याचं सँ-लो इथलं अभिलेखागार ६ जून १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. तिथल्या मठांची मूळ दानपत्रं त्यात गेली. अशा ठिकाणी 'एच' मालिका शोधण्यात दिवस घालवू नका. एकोणिसाव्या शतकात छापून निघालेल्या नकला राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या मोफत डिजिटल संग्रहात बघा आणि त्यातली गावं थेट कासिनीवर आणून ठेवा. ओतव्हिल नावाची गावं या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत. सिसिलीत राज्य उभारणाऱ्यांचं गाव ते ओतव्हिल-ला-गिशार, शेपटीसकट टाईप करा.

नकाशाचा स्क्रीनशॉट ठेवताना त्यावर थराचं नाव, चर्चचे अक्षांश-रेखांश आणि आजच्या कम्यूनचं नाव लिहून ठेवा. सहा महिन्यांनी फाईल उघडल्यावर तो नकाशा कासिनीचा होता की एता-माजोरचा हे नुसत्या नजरेला कळतं, पण चाळीस चर्चपैकी हे कोणतं ते कळत नाही.