१९१२चे दोन कीटकपट: कागदावरचा डास आणि तारेच्या पायांचा भुंगा

विन्सर मॅकेचा ‘हाऊ अ मॉस्किटो ऑपरेट्स’ अमेरिकेतला, लादिस्लाव स्तारेविचचा ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’ मॉस्कोचा. दोन्ही कृष्णधवल, मूक ॲनिमेशनपट: पहिल्यात चित्रं, दुसऱ्यात खरे मेलेले कीटक एकेक फ्रेम करून हलवलेले.

मॅकेने अर्धपारदर्शक राइस पेपरवर सुमारे ६,००० चित्रं काढली. हलणारा भाग वेगळा काढू देणाऱ्या पारदर्शक सेल्युलॉइड शीट्स (सेल) १९१४ नंतर रुळल्या, त्यामुळे डास ज्याचं रक्त पितो तो झोपलेला माणूसही कागदागणिक नव्याने गिरवावा लागे. रेघ केसभर सरकली की पडद्यावर स्थिर वस्तूही थरथरते. ती थरथर इथे दिसते.

स्तारेविचचा सेट जागचा हलत नाही, म्हणून त्याची पार्श्वभूमी शांत. त्याची पंचाईत निराळी होती. १९१०मध्ये भुंग्यांची झुंज चित्रित करताना दिवे लावले की जिवंत भुंगे निपचित पडत. मग त्याने मेलेल्या भुंग्यांचे पाय काढून तिथे तार लाखेने चिकटवली आणि प्रत्येक फ्रेमआधी ती किंचित वाकवली. या पद्धतीत मध्येच धक्का लागला तर आधीची स्थिती जुळवणं महाकठीण; कागद निदान पुन्हा काढता येतो.

कवचावरची चमक आणि खरी सावली हवी तर स्तारेविच पाहा. पण रक्त पिताना घोटागणिक फुगणारं, जडावणारं डासाचं पोट? टणक कवचाला ते जमणारच नाही. हालचाल शिकायची असेल तर आधी मॅके, आणि तोही फ्रेम थांबवून.