“दादा, काढू का पेनड्राइव्ह?” : डेबियनच्या कर्नलचे आकडे बदलून पाहिले

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो-व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून देणं हे रोजचं काम. काउंटरवरच्या ८ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि त्याची एकच खोड मला छळायची. कॉपीची पट्टी झरझर शंभरावर जायची, पण इजेक्ट केलं की चक्र फिरतच राहायचं. समोर नवरीचा मामा. “दादा, झालं ना? काढू का?” एकदा काढलाच त्यांनी. घरी जाऊन लावला तर हळदीचा व्हिडिओ उघडेना. पुढचा फोन कसा असेल ते सांगायला नको.

पेनड्राइव्हवर लिहायचा माल कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आधी रॅममध्ये साठवतो. किती साठवायचा ते ‘डर्टी रेशो’ ठरवतो. मूळ आकडा २०, म्हणजे उपलब्ध रॅमच्या २० टक्के. सहा जीबी रिकामी असली की सव्वा जीबीच्या आसपास माल नुसता रॅममध्ये पडून, आणि पट्टी म्हणते पोचला. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहीत असेल, तर पट्टी भरल्यावरही अडीच मिनिटं शिल्लक!

टक्क्यांऐवजी थेट बाइट्समध्ये मर्यादा घातली: ‘डर्टी बाइट्स’ला ५०३३१६४८, म्हणजे ४८ एमबी, आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला, म्हणजे किती माल साठला की मागच्या मागे लिहायला घ्यायचं त्या आकड्याला, १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी. बाइट्सचा आकडा भरला की रेशो आपोआप शून्य दिसतो. पहिल्यांदा ते पाहून वाटलं, काहीतरी मोडलं आपल्या हातून. तसं नसतं, दोन्हींपैकी एकच चालतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की ‘सिस्कटल’ या कर्नलचे आकडे बदलणाऱ्या कमांडला डॅश डब्ल्यू लावून आकडा दिला की तो त्याच क्षणी लागू होतो, आणि मशीन रीस्टार्ट केलं की गायब. कर्नल नव्याने बांधायला नको. माझ्यासारख्या धसमुसळ्या माणसाला हे वरदानच आहे.

कायमचं करताना मात्र मी आपटलो. आकडे ‘सिस्कटल.कॉन्फ’ या जुन्या फाइलमध्ये लिहिले होते. डेबियन १२ वरून १३ वर आलो आणि ऐन लग्नसराईत जुनी खोड परत. आकडा वाचून बघतो तर रेशो पुन्हा २०. १३ मध्ये ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरमधली ती फाइल मशीन सुरू होताना वाचलीच जात नाही. तसं रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय. न वाचता अपग्रेड केलं ते मी. आता ‘सिस्कटल.डी’ फोल्डरमध्ये नावापुढे ९० लावून वेगळी फाइल ठेवलीय. फायली नावाच्या क्रमाने लागतात आणि एकाच आकड्यावर दोघींचं भांडण झालं तर नंतरची जिंकते, म्हणून ९०.

पाच ताऱ्यांतला एक तारा कापतोय तो यासाठी, की ही मर्यादा फक्त पेनड्राइव्हला नाही, सगळ्याच डिस्कना लागते. हुशारी करून ४ एमबी ठेवून पाहिलं, तर हार्ड डिस्कवर अल्बमचा एक्सपोर्ट रखडायला लागला. गपगुमान ४८ वर आलो.

पाचपैकी चार. पट्टी आता सुरुवातीपासूनच खऱ्या वेगाने सरकते, इजेक्ट दोन-चार सेकंदांत. परवा एक जुनं गिऱ्हाईक पट्टीकडे बघत म्हणालं, “दादा, मशीन स्लो झालं का हो तुमचं?”