जुन्या अँबेसिडरचं इंजिन बांधताना: टायमिंग चेनला तेल की ग्रीस?

अँबेसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन बांधायला काढलं की पुढचं कव्हर बसवायच्या वेळी, त्याआडच्या टायमिंग चेनला (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) काय लावायचं, हा प्रश्न येतोच. आमच्या यवतमाळ-वणीकडचे बहुतेक मिस्त्री ग्रीसवाले. "ग्रीस मारून दे ना भाऊ, स्टार्ट होईपर्यंत चिंता नाही." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. सिलिंडरचं बोरिंग, क्रँक ग्राइंडिंगला नागपूर गाठावं लागतं. एखादं सामान अडकलं की इंजिन महिनाभर तसंच पडून राहतं आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत २०डब्ल्यू-५० सारखं जाड इंजिन ऑइलही चेनवरून निथळून जातं. ग्रीस जागचं हलत नाही. असेंब्ली पेस्ट (इंजिन जुळवताना लावायचं घट्ट वंगण) तर त्याहून चिवट.

तरी मी तेलावर आलो, ते कापसामुळे.

आमचं शेड जिनिंगच्या रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रुईचे तंतू दिवसभर हवेत असतात. चादर झाका, पोतं झाका, ते आत शिरतातच. तेलाच्या चेनवर बसले तर पुसायचे, कुपीनं परत तेल सोडायचं, झालं. ग्रीसमध्ये मात्र ते रुततात. स्प्रॉकेटच्या दात्यांत त्यांची वात वळली जाते, तिला काळ्या मातीची धूळ चिकटते. ती नुसती पुसून निघत नाही. चेन उतरवा, डिझेलमध्ये धुवा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा पहिल्यापासून जुळवा. हा वैताग मला नको झाला.

शिवाय चेन झिजते ती पिन आणि बुशच्या मध्ये. जाड ग्रीस वरवर राहतं, तिथे सहजी पोचत नाही. मी नवी चेन रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतो. सकाळी डब्यातच कड्या वाकवून पाहिल्या की बारीक बुडबुडे येतात. ते यायचे थांबले म्हणजे तेल आत गेलं. थंडीच्या दिवसांत डबा आधी उन्हात ठेवलेला बरा.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) आणि त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचं मात्र वेगळं. तिथे मीही मोलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) असेंब्ली पेस्टच लावतो. सपाट टॅपेट कॅमवर घासतं, सुरुवातीच्या मिनिटांत नुसत्या तेलावर त्याचा भरवसा धरवत नाही. आणि तुमची जागा बंद, स्वच्छ असेल, इंजिन वर्षभर ठेवायचं असेल, तर चेनला पेस्टचा पातळ हात द्यायला माझी हरकत नाही. फक्त टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) असेल तर त्याच्या तेलाच्या भोकात ती जाऊ देऊ नका.

बाकी चेनला तेल पुरवणं हे इंजिनचंच काम. आपण लावलेलं तेल इंजिन सुरू होईपर्यंत टिकलं की झालं. कव्हर बंद करायच्या तोंडावर कुपीनं पुन्हा तेल सोडा, स्पार्क प्लग काढून स्टार्टर थांबत-थांबत फिरवा आणि ऑइल प्रेशर आल्यावरच प्लग लावा.