अनातेव्काचा दूधवाला मराठवाडीत बोलतो: हौशी मंडळींचा ‘फिडलर ऑन द रूफ’

मागच्या रविवारी संभाजीनगरला हौशी मंडळींनी बसवलेला ‘फिडलर ऑन द रूफ’चा मराठी प्रयोग बघून आलो, सेलूहून मी आणि आई दोघंच, रात्री बहिणीकडं मुक्काम केला, आणि आल्यापासून भेटेल त्याला हेच सांगायलोय म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकावं. तिकीट १५० रुपये, अडीच-तीन तासांचा खेळ. पुढचा प्रयोग लागला की जा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे १९६४ सालचं ब्रॉडवेचं म्युझिकल, जेरी बॉकचं संगीत, शेल्डन हार्निकची गाणी, मूळ गोष्टी शोलेम अलेखेम या यिद्दीश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) लेखकाच्या. १९०५ सालचा रशिया, अनातेव्का नावाचं ज्यू लोकांचं खेडं, तिथला तेव्ये दूधवाला, पदरात पाच पोरी, हुंड्याला दमडी नाही, घोडं लंगडतंय म्हणून गाडी स्वतःच ओढायची आणि ओढता ओढता देवाशी भांडायचं. थोरली पोरगी खाटकाचं चांगलं पैशेवालं स्थळ सोडून गरीब शिंप्याशी लग्न करते, दुसरी एका क्रांतिकारक विद्यार्थ्यामागं सैबेरियाला जाते आणि तिसरी धर्माबाहेर लग्न करते. पहिल्या दोघींसाठी बाप एकेक पाऊल मागं सरकतो, तिसरीच्या वेळी मात्र त्याला सरकता येत नाही, सगळं नाटक तिथं येऊन थांबतं.

मला जायच्या आधी एकच धास्ती होती, हे लोक अनातेव्काचं आपल्याकडचं एखादं खेडं करून टाकतील, टोपीच्या जागी फेटा आणि रशियन फौजदाराच्या जागी आपला जमादार. तसं केलेलं नाही. गाव तेच, नावं तीच, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्याही तशाच. बदललीय फक्त भाषा, आणि ती पुस्तकी मराठी नाही, आपली मराठवाडी. तेव्ये वर बघून देवाला “कामून रे?” असं विचारतो तेव्हा थिएटरात एकही माणूस हसला नाही. हे मला लई मोठं वाटलं. कारण आजवर आपली बोली नाटकात आली की बहुतेक नोकराच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी येते, डोक्याची माणसं प्रमाण भाषेत बोलणार आणि “करायलेत, बसलेत” म्हणणारा माणूस हसवायला. इथं देवाला जाब विचारणारा, बायकोला २५ वर्षांच्या संसारानंतर तुझं माझ्यावर प्रेम आहे का असं गाण्यातून विचारणारा बाप त्याच भाषेत बोलतोय. त्या गाण्याला बायको आधी कपडे धुतले, गाय काढली, लेकरं वाढवली हेच मोजत बसते, आणि गोल्डेचं काम करणारी बाई ते मोजताना हातातलं धुणं पिळायचं थांबवत नाही. समोर बघत नाही, पिळतच राहते. अभिनय म्हणजे हे.

आता संगीत. मी गावच्या भजनी मंडळात २० वर्षं पेटी वाजवतो म्हणून कान तिकडंच होते. पूर्व युरोपातल्या ज्यू संगीतात कोमल रिषभ, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत-निषाद असे स्वर खूप येतात, म्हणजे आपला वसंत मुखारी राग जवळजवळ, त्यामुळं ही गाणी आपल्या गळ्याला परकी वाटत नाहीत. ‘सनराइज, सनसेट’ मुळात तीन मात्रांचंच आहे, यांनी सरळ दादरा धरलाय आणि तो इतका चपखल बसलाय की शेजारच्या काकू मांडीवर ठेका द्यायला लागल्या. खरी अवघड गोष्ट कोरसची. आपली सवय सगळ्यांनी एकाच सुरात गायची, इथं मात्र बायका वरचा सूर धरतात, पुरुष खालचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं जातात. हौशी लोकांकडून हे करवून घेणं सोपं नाही, एकाचा कान घसरला की सगळी रांग घसरते. दोन ठिकाणी घसरलीही, पण लगेच सावरली. आणि ट्रॅक लावलेला नाही बरं का, सगळं लाईव्ह, पेटी, व्हायोलिन, ढोलक, आणि क्लॅरिनेटला लग्नाच्या बँडमधले एक काका. शेरवानी नाही, बँडचा ड्रेस नाही, साधा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. लग्नाच्या सीनला त्यांनी जी फुंक मारली ती आयुष्यभर वरातीत वाजवलेल्या माणसाचीच फुंक होती, शिकून येत नाही ती.

तेव्येच्या श्रीमंतीच्या स्वप्नाच्या गाण्यानंतर पब्लिकनं वन्समोअर मागितला. संगीत नाटकाची सवय, १८८० च्या ‘शाकुंतल’पासून अंगात मुरलेली. नटानं घेतला नाही, आणि बरोबर केलं. म्युझिकलमधलं गाणं गोष्ट पुढं ओढत नेतं, ते परत म्हणायचं म्हणजे गोष्ट मागं न्यायची.

जे पटलं नाही तेही लिहितो. तेव्ये बायकोला भुताचं स्वप्न सांगतो त्या सीनला संबळ वापरलाय. कल्पना चांगली, पण संबळाचा आवाज एवढा मोठा की खाटकाच्या मेलेल्या बायकोचा एक शब्द कळला नाही, आणि तो सीन तर शब्दांवरच उभा आहे. पोरींच्या पहिल्या गाण्यात दोन माईक सारखे कटकट करत होते. स्टेशनवरच्या निरोपानंतरचा अंधारही फार लांबला, लोक मोबाईल काढायला लागले, तिथं नुसतं व्हायोलिन चालू ठेवलं असतं तरी भागलं असतं. बाटल्यांच्या नाचात मात्र चारही पोरांनी टोपीवर खऱ्या काचेच्या बाटल्या ठेवून गुडघ्यावर बसत बसत पुढं यायचं केलं, एकाची पडली, त्यानं ताल न सोडता नुसती टाळी धरली आणि बाकी तिघांना पुढं जाऊ दिलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

शब्बाथच्या प्रार्थनेला आईनं विचारलं, हे शनिवार कामून पाळतात? मी तिला कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू लोकांचं सांगितलं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, मराठीच बोलणारे लोक. मग ती नीट सरसावून बसली.

शेवटी हुकूम येतो, तीन दिवसांत गाव खाली करा. रडारड नाही, सामान बांधायचं चालू, आणि गोल्डे घर झाडायला घेते, कारण घाण घर सोडून जायचं नाही तिला. सगळा प्रकाश कमी करून त्यांनी फक्त त्या झाडूवर ठेवलाय, खऱ्या खराट्याचा आवाज येतो, खर्र, खर्र, बाकी थिएटर चिडीचूप. आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर बोलली. रझाकारांच्या वेळी आजीला दोन लेकरं घेऊन रातोरात गाव सोडून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जावं लागलं होतं एवढं मला ठाऊक होतं. निघायच्या आधी तिनं चूल सारवली होती, हे आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.