एशियाटिकच्या तीस पायऱ्या: आठ महिन्यांनंतर

तीसच आहेत. दर शनिवारी उजव्या गुडघ्यावर हात ठेवून मोजतो, चूक व्हायची शक्यता नाही.

एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय मुंबईच्या ज्या टाऊन हॉलमध्ये आहे तो कसा दिसतो ते सांगत बसत नाही, सिनेमात सगळ्यांनी पाहिलाय. मी तिथे गेलो तो रागापोटी. राहतो नालासोपाऱ्यात, म्हणून ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमधला (म्हणजे सरकारी माहितीग्रंथातला) स्थळवर्णनाचा खंड हवा होता. ऑनलाइन पुनर्मुद्रण मागवलं, अठराशे रुपये मोजून. पानं तिरकी, शिवणीकडची दोन-दोन अक्षरं गायब. विक्रेता म्हणे, "जुन्या पुस्तकांत असं असतंच." पैसे परत नाहीत. चर्चगेटचा पास काढलेलाच असतो, सुट्टीच्या दिवशी तो वाया का घालवा? गेलो. जुन्या प्रतीत सगळी अक्षरं जागच्या जागी.

लोक इथल्या दान्तेच्या हस्तलिखिताचं कौतुक सांगतात, मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले होते वगैरे. असेल. माझा जीव अडकला आमच्या नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात, म्हणजे तिथल्या जुन्या बौद्ध स्तूपात. १८८२ सालीच पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, मग चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे, आठ कांस्यमूर्ती. आणि हा ऐवज कुणाच्या संग्रहात? ज्या सोसायटीच्या छपराखाली मी वाचत बसतो, तिच्याच! घरापासून चालत जाण्याजोग्या जागेची गोष्ट कळायला मला दीड तास लोकलमध्ये लोंबकळावं लागलं.

तरी पायऱ्यांपायी परीक्षणात एक तारा कापला होता.

सुधारणा, दोन महिन्यांनी: तारा परत. पां. वा. काणे याच पायऱ्या चढायचे. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा शेवटचा खंड १९६२ साली आला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. मी ५४. गप्प बसलो. शिवाय १८३३ सालच्या इमारतीकडे लिफ्ट मागणार कोण?

मुलीने 'ग्रंथसंजीवनी' हे संकेतस्थळ दाखवलं. सोसायटीची कितीतरी दुर्मिळ पुस्तकं, नकाशे, जुनी वर्तमानपत्रं तिथे घरबसल्या बघता येतात. ज्यांचे गुडघे माझ्याहून वाईट, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मी मात्र जातो. पास आहे ना.

ते अठराशेंचं पुनर्मुद्रण फेकलेलं नाही. गायब अक्षरं वहीत उतरवून आणतो आणि घरी पेन्सिलीने समासात भरतो. सोपारा झालं, वसई निम्मी झाली.