सरड्याच्या शेपटीसाठी स्पिन-कॉलम डीएनए किट
न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पांढुरक्या सरड्यांत तपासला गेला तो रंगाचा एमसी१आर जनुक वाचायचा, तर हे किट भरपूर झालं; यात नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून छोट्या नळीतल्या पडद्यावर (हाच स्पिन-कॉलम) डीएनए अडकवतात. जनुक जेमतेम हजारभर बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं), पीसीआरला, म्हणजे त्याच्या लाखो प्रती काढायला, सरळ.

मेख आहे ती खवल्यांत, केराटिन लवकर विरघळत नाही. शेपटीचं टोक २५ मिलिग्रॅमच्या आत ठेवा (जास्त हाव धरली की कॉलम तुंबतो), बारीक चिरा, १८० मायक्रोलिटर पेशी फोडणारा बफर आणि २० मायक्रोलिटर प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. नमुना इथेनॉलमधला असेल तर आधी टिपून कोरडा करा. शेवटच्या धुण्यानंतर कॉलम रिकामाच एकदा फिरवा; धुण्याच्या बफरमधलं इथेनॉल उरलं की पीसीआर हमखास फसतो.

लाँग-रीड सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचे लांबलचक तुकडे सलग वाचण्यासाठी) मात्र घेऊ नका, कॉलममध्ये डीएनए तुटतो.