फोंड्यातील पालक कार्यशाळा: विषय कठीण, मांडणी स्पष्ट

गोव्यातील फोंडा येथील एका माध्यमिक विद्यालयात नववी-दहावीच्या पालकांसाठी झालेल्या या कार्यशाळेला ‘ताणतणाव व्यवस्थापन’ असे सौम्य नाव दिलेले होते. तरीही समुपदेशक बाईंनी आडपडदा न ठेवता किशोरवयीन मुलांच्या आत्महत्येच्या धोक्याविषयीच बोलायला सुरुवात केली, हे मला आवडले.

‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ असे वारंवार म्हणणे, मित्रांपासून तुटणे, झोप बिघडणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे ही लक्षणे त्यांनी उदाहरणांसह समजावली. दीर्घकाळ खचलेले मूल एकाएकी शांत झाले, तर घरचे त्याला सुधारणा समजून निर्धास्त होतात. तेथेच अधिक सावध राहावे, हा मुद्दा बहुतेकांना नवा होता.

सर्वांत उपयुक्त ठरला तो जोड्यांनी केलेला सराव. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही, हे सांगून बाईंनी प्रत्येकाला प्रश्न मोठ्याने विचारायला लावला. एका गृहस्थांनी ‘तसं काही नाही ना?’ असे विचारताच बाईंनी थांबवले: या प्रश्नाला मूल ‘नाही’ असेच म्हणणार. ‘स्वतःला संपवावं असं तुझ्या मनात येतं का?’ हे वाक्य त्या गृहस्थांच्या तोंडून निघायला बराच वेळ लागला.

उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये आणि आजीच्या गोळ्यांपासून कुळागरातील फवारणीच्या औषधांपर्यंत सारे कुलूपबंद करावे, असे त्यांनी बजावले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो. धोका तातडीचा असल्यास १०८ या रुग्णवाहिका सेवेला फोन करावा किंवा थेट बांबोळीचे सरकारी इस्पितळ गाठावे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवणाऱ्यांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा उल्लेखही झाला: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच, उलट सिद्ध न झाल्यास, कायदा गृहीत धरतो.

उणीव एकच, पण मोठी. संकट टळल्यावर मूल वर्गात परतते, त्यानंतरच्या आठवड्यांत शिक्षकांनी आणि पालकांनी कसे वागावे, यावर काहीच बोलणे झाले नाही, कारण प्रश्नोत्तरांचा वेळ शाल-श्रीफळाच्या सत्कारांनी खाल्ला. शुल्क नव्हते. आयोजकांनी सत्कार वगळून पुढचे सत्र केवळ या विषयावर ठेवावे. मी नाव नोंदवीन.